जुळी कोकरं आणि रात्रीचं जागरण

एका मेंढीनं एका वेताला किती कोकरं द्यावीत, यावरून आमच्या घरात दोन तट पडले आहेत. एका तटावर आत्या एकटी. तिचं सगळं आयुष्य वाड्यावर, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तळावर गेलं. पावसाळा सोडला तर वर्षभर मेंढरांमागे चालणं, आज या रानात तर उद्या त्या. दुसऱ्या तटावर माझा थोरला भाऊ, दादा. त्यानं फलटणजवळ छप्पर घालून जुळी देणाऱ्या मेंढ्या पाळल्या आहेत. वाद जुनाच, पण यंदा तो आमच्या येरवड्याच्या घरात समोरासमोर झाला. कारण डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आत्याला दिवाळीत इथे यावं लागलं, आणि दिवाळी म्हणजे ऐन विणीचा हंगाम. पहिल्या पावसाचं कोवळं गवत पोटात गेलं की मेंढ्या माजावर येतात. तिथून पाच महिने मोजले की कार्तिक-मार्गशीर्ष. आत्याचा वाडा तेव्हा पुरंदरात कुणाच्या तरी रानात उतरला होता. मुलगा आणि सून तिकडे, आणि हिचा जीवही तिकडेच.

दोघांचं बोलणं मी जमेल तसं टिपून ठेवलं. मधे मधे माझं मतही आलं आहे, ते मी लपवत नाही.

दादा: आत्या, उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. माझ्याकडं ये, बघ. चाळीस मेंढ्या आहेत, सगळ्या छपराखाली, पाणी हाताशी. निम्म्याहून जास्त मेंढ्यांना जुळं झालंय. तुझ्या मेंढीला एकच. चालणं दुप्पट आणि कोकरू एक.

आत्या: दोन हुत्यात, त्ये खरं हाय. दोन जगत्यात का, त्ये सांग.

दादा: काळजी घेतली तर जगतात.

आत्या: काळजी कोण घेतंय?

दादानं या प्रश्नाला लगेच उत्तर दिलं नाही. तो जनुकाकडे वळला, आणि तो विषय निघाला की दादाला थांबवणं अवघड असतं.

दादा: हे कुठलं विलायती वाण नव्हे, आत्या. बंगालात सुंदरबनाच्या दलदलीत गॅरोल नावाची मेंढी आहे. एवढीशी, दहा-बारा किलोची. पण तिला जुळी-तिळी होतात. दोनशेहून जास्त वर्षांपूर्वी, १७९०च्या दशकात, तसली मेंढरं बंगालातून जहाजानं ऑस्ट्रेलियाला गेली. तिथं ती मेरिनो मेंढ्यांत मिसळली आणि बुरूला नावाच्या एका फार्मवरच्या मेंढ्या जास्त कोकरं द्यायला लागल्या. का देतात, ते शोधायला लोकांची कितीतरी वर्षं गेली. २००१ साली वेगवेगळ्या देशांतल्या तीन गटांना तो जनुकातला बदल सापडला. मूळ आपल्याकडचंच. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं गॅरोल आणली, आपल्याकडच्या दख्खनी मेंढीशी संकर केला, आणि पिढ्यान्‌पिढ्या निवड करत अंगानं दख्खनीएवढी पण जुळी देणारी मेंढी तयार केली. नारी सुवर्णा म्हणतात तिला. त्या जनुकाची एक प्रत मेंढीत असली तर सरासरी दीड कोकरू पडतं. दोन प्रती असल्या तर तिळ्यांचाही धोका, म्हणून मी एकाच प्रतीवर भागवतो. रक्त तपासून कळतं.

आत्या: रगत तपासून दूध कळतंय का?

दादा: दुधाचं वेगळं बघावं लागतं.

आत्या: मग आदी त्ये बगायचं हुतं.

इथे मला थोडं थांबून येरवड्याचं सांगायचं आहे. येरवडा म्हटलं की बाहेरच्या माणसाला तुरुंग आठवतो. पण टेकाडावरच्या झाडीत डेक्कन कॉलेज आहे, आणि मेंढराच्या या गोष्टीचे दोन धागे तिथे जाऊन पोचतात. इरावती कर्वे १९३९ पासून तिथे समाजशास्त्र आणि मानवशास्त्र शिकवत होत्या. महाराष्ट्रातल्या जाती, कुळं, देवकं यांचा माग काढत त्या गावोगाव हिंडल्या. त्यांची मुलगी कादंबरीकार जाई निंबकर, जावई बनबिहारी निंबकर. याच निंबकरांनी १९६८ साली फलटणची संस्था काढली आणि त्यांची मुलगी चंदा निंबकर यांनी जुळ्या मेंढीचं काम वर्षानुवर्षं तडीला नेलं. माणसांचे गट समजून घ्यायला आजी ज्या माळरानावर हिंडली, तिथल्याच धनगरांच्या कळपांत नात जनुक मोजत होती. दादाला हे सांगितलं तेव्हा तो खूश झाला. आत्यानं एवढंच विचारलं, "त्या बाई वाड्यावर राहिल्यात्या का कवा राती?" फलटणच्या लोकांनी मेंढपाळांच्याच कळपांत जाऊन, त्यांच्याच मेंढ्यांवर हे काम केलं, हे मी तिला सांगितलं. तेव्हा ती म्हणाली, "मग त्यास्नी ठावं आसंल." आत्याकडून एवढी पावती मिळणं म्हणजे पुष्कळ झालं.

दुसरा धागा जुना आहे, त्याकडे पुढे येते. आधी वीण.

दादा: बरं, तूच सांग. वाड्यावर मेंढी विताना तू काय करतेस? मी छपरात करतो तेच ना?

आत्या: म्या काय करती? आदी तर कायबी करत न्हाय. मेंढी याला आली की कळपातनं बाजूला हुती. एकाच जाग्याला पायानं उकरती, बसती, उटती, शेपटाकडं वळून बगती. कास तटतटल्याली आसती. पान्याची पिशवी दिसली की म्या लांबच बसती. हात लावायचा न्हाय. फुडचं दोन पाय आन् त्येच्यावर नाक, आसं आलं की ती आपली आपून मोकळी हुती. नाक आलं आन् पाय न्हाय आलं, तवा हात घालायचा. त्योबी त्याल लावून, कळ गेल्यावर. कळ आसताना हात घुसवला तर फाटतंय.

दादा: आणि पडल्यावर?

आत्या: नाकातोंडातला चिकाट बोटानं काडायचा. दम घेत न्हाय आसं दिसलं तर गवताची काडी नाकात फिरवायची. शिंकलं की जगलं. न्हाय शिंकलं तर मागच्या पायाला धरून झोका द्यायचा. मग आईफुडं ठिवायचं. तिनं चाटलं पायजे. तिनं चाटलं न्हाय तर बाकीचं सगळं फुकाट. सडाच्या टोकाला मेणागत बूच आसतंय, त्ये पिळून काडायचं, न्हाय तर कोकरू वडतंय वडतंय आन् हाती काय लागत न्हाय. चीक प्यालं का न्हाय, त्ये पोटाला हात लावून कळतंय. पोट भरल्यालं आन् ऊन लागलं की म्या आंग टाकती. तवर न्हाय.

दादा: मी नाळेला टिंचर आयोडीन लावतो. तेवढा फरक.

आत्या: हळद लावतो आमी. तुजं टिंचर चांगलं हाय, माज्या सुनंला दे की एक बाटली.

चीक लवकर मिळणं का महत्त्वाचं, हे दादा मग सविस्तर सांगत बसला. मेंढीच्या पोटात असताना कोकराला आईच्या रक्तातून रोगप्रतिकारक द्रव्यं मिळत नाहीत. ती सगळी चिकातून येतात, आणि कोकराच्या आतड्याला ती जशीच्या तशी शोषता येतात ती पहिल्या काही तासांतच. त्यानंतर चीक म्हणजे नुसतं दूध. आत्याला यातला शब्दन्‌शब्द नवा होता, आणि त्यातली एकही कृती नवी नव्हती.

आत्या: आता दुसरं कोकरू आलं तर काय हुतं त्ये ऐक. पयलं आईनं चाटून सुकं केल्यालं आसतंय. त्ये उटतंय, थानाला लागतंय. तवर पुन्यांदा कळ. दुसरं पडतंय. आई कावरीबावरी. पयलं चार पावलं गेलं की ती त्येच्यामागं जाती आन् दुसरं जाग्यावर ऱ्हातंय, वलं, दोन किलोचं. मार्गशीर्षातली पाट. आईला आन् दोगांस्नी एकाच जाग्यावर धरायला माणूस लागतंय, आन् त्ये माणूस जागं लागतंय. एक मेंढी न्हाय, एका राती पाच-पाच, सा-सा यित्यात.

दादा: म्हणून तर मी छपरात लहान लहान कप्पे केलेत. व्यायली की आई आणि पिल्लं दोन दिवस त्या कप्प्यात. बाहेर पडायचा प्रश्न नाही, दोन्ही पिल्लांचा वास तिला नीट बसतो. आणि शेवटचा दीड महिना खुराक देतो, मक्याचा भरडा, पेंड. पोटातल्या कोकराची खरी वाढ त्या दीड महिन्यातच होते. आईला कमी पडलं तर कोकरू हलकं आणि दूधही कमी.

आत्या: म्हंजी तुज्या दुसऱ्या कोकराचं दूध दुकानातनं येतंय. माज्या एका कोकराचं रानातनं येतंय.

दादा: रान कुठं राहिलंय, आत्या?

यावर आत्या बराच वेळ गप्प होती. तिच्या लहानपणी तिच्या वडिलांचा वाडा खराडी-वाघोलीच्या मळ्यांत बसायचा. शेतकरी बोलावून न्यायचे. शेतात मेंढरं बसवली की रातोरात खत पडतं, लेंडी आणि मूत दोन्ही जागच्या जागी, वाहतूक नाही, पसरणं नाही. त्याबद्दल धान्य मिळायचं, पुढे पैसे मिळू लागले. आज त्या मळ्यांवर काचेच्या इमारती आहेत. आत्याचा वाडा आता पुण्याला लांबून वळसा घालतो. डांबरी रस्त्यावरून शंभर मेंढरं काढायची म्हणजे पुढे एक, मागे एक आणि मधे देव. व्यायला झालेली मेंढी तशीच चालत असते. वाटेत व्याली तर कोकरू घोंगड्याच्या खोळीत, आई त्याच्यामागे, आणि उतरायच्या जागेपर्यंत थांबणं नाही. मोठी झालेली कोकरं घोडीवर, भांड्याकुंड्यांच्या शेजारी.

दादाचं म्हणणं इथे खरं आहे आणि ते मला मान्य करावंच लागतं. चरायच्या जागा गेल्या. जी गायरानं उरली त्यांच्यावर प्रकल्प आले, कुंपणं आली, जंगलखात्याच्या रोपवनांत मेंढरू गेलं की दंड. महाराष्ट्रात २०१९च्या पशुगणनेत सुमारे २७ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. एवढ्या जनावरांनी कुठे चरावं याचं धड उत्तर कुणापाशी नाही. दुष्काळात छावण्या उघडतात त्याही मुख्यतः गाईगुरांसाठी.

दादा: आणि पोरांचं काय? तुझा नातू चौथीत तीन शाळांत बसला आणि शेवटी कुठल्याच नाही. तुझी सून दिवसभर कोकरं सांभाळते, रात्री मेंढ्यांची वीण, सकाळी बिऱ्हाड उचलून घोडीवर. गेल्या वर्षी तिचं स्वतःचं बाळंतपण झालं तेव्हा वाडा कुठं होता? मला हे बघवत नाही, आत्या. मी छप्पर घातलं ते नुसतं जुळ्यांसाठी नाही. माझ्या बायकोला रात्री दाराला कडी लावून झोपता यावं म्हणून घातलं.

आत्या: झोपती का ती?

दादा: कधी? विणीत नाही झोपत.

आत्या: आन् दिवसा चारा कोण कापून आणतंय?

दादा: मी आणतो. ती पण आणते.

आत्या: म्हंजी चालणं गेलं, वैरण आली. माजी सून मेंढरामागं चालत न्हाय रं, मेंढरं चरून येत्यात. ती चूल आन् कोकरं बगती. तुजी बायकू चाळीस मेंढरांची वैरण डोक्यावर आणती आन् वर दोन-दोन कोकरांस्नी बाटली धरती. कुणाचं जड हाय?

या ठिकाणी मला आत्याची बाजू पटते, आणि ती कुणी बोलत नाही म्हणून जास्त पटते. वाड्यावर संध्याकाळी काय होतं ते मी पाहिलं आहे. दिवसभर कोकरं वाघरीच्या आत असतात. वाघर म्हणजे मेखांना ताणलेली जाळी. अगदी लहान कोकरं डालग्याखाली झाकलेली. आतल्या कोकरांना चघळायला बाभळीचा, बोरीचा पाला जाळीला टांगलेला. दिवस बुडायला लागला की लांबून मेंढरांचा आवाज येतो आणि कोकरं एकदम उठतात. कळप आला की आयांना पिल्लं आणि पिल्लांना आया शोधायच्या असतात. प्रत्येकीचा आवाज वेगळा आणि प्रत्येकाचा वेगळा. आत्या त्या गलक्यात उभी राहून हाताने कोकरं उचलते आणि नेमक्या कासेला लावते. नाव नाही, कानाला बिल्ला नाही. कुठलं कोकरू उपाशी राहिलं, कुठल्या मेंढीनं लाथ मारली, कुठलीच्या कासेत गाठ आहे, हे तिला त्या अर्ध्या तासात कळतं. हंगाम तरतो की बुडतो, ते त्या अर्ध्या तासावर असतं.

एखादी मेंढी मेली आणि तिचं कोकरू उरलं, किंवा एखादीचं कोकरू मेलं आणि कास भरलेली राहिली, तर दोघांची गाठ घालावी लागते. परकं कोकरू मेंढी वासावरून ओळखते आणि टक्कर देऊन उडवते. आत्या त्याच्या अंगाला मिठाचं पाणी लावते. मीठ चाटता चाटता मेंढीची जीभ अंगावरून फिरते, तिचंच दूध पिल्लाच्या शेपटाला चोळलेलं असतं, आणि दोन-तीन दिवस दोघांना एका मेखेजवळ ठेवलं की ती त्याला आपलं म्हणते. नाहीच म्हटलं तर मेलेल्या कोकराचं कातडं परक्याच्या पाठीवर बांधायचं. हे पाहायला बरं वाटत नाही. पण दूध वाया जात नाही आणि कोकरू मरत नाही.

दादाचं छप्पर आणि आत्याचा वाडा यांत मी निवड करत नाही. कुठल्या कुटुंबाकडे पाणी आहे, कुणाच्या पोरांना शाळेजवळ राहायचं आहे, कुणाकडे अजून बोलावणारे शेतकरी आहेत, यावर ते ठरेल. पण जुळी देणारी मेंढी ही निम्मीच गोष्ट आहे, असं मला वाटतं. उरलेली निम्मी म्हणजे तिच्या कासेतलं दूध आणि तिच्याजवळ जागणारं माणूस. पहिल्या निम्म्यावर विज्ञान उत्तम झालं आहे, आणि ते आपल्या फलटणमध्ये झालं याचा मला अभिमान आहे. दुसऱ्या निम्म्याचा हिशेब कुणी मांडत नाही, कारण ते माणूस बहुधा घरातली बाई असते. मेंढी व शेळी विकास महामंडळ पुण्यातच आहे, गोखलेनगरला. २०१७ पासून राजे यशवंतराव होळकर महामेष योजना आहे. २० मेंढ्या आणि एक मेंढा, ७५ टक्के अनुदान. हे चांगलंच आहे, दादाच्या शेजाऱ्यांनी त्यावर संसार उभे केले. मेंढ्या आणि चारा यांना त्यात पैसा आहे. विणीच्या रात्रीला नाही.

आता तो दुसरा धागा. आत्याचा डोळा जरा बरा झाल्यावर मी तिला डेक्कन कॉलेजच्या आवारात फिरायला नेलं. दादाही होता. तिथल्या पुरातत्त्वाच्या लोकांनी शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं उत्खननं केली. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव निघालं. मोठी चौकोनी घरं, बार्ली, पाण्यासाठी काढलेला पाट. मग इसवी सनापूर्वी १००० च्या सुमाराला चित्र पालटतं. घरं लहान आणि गोल होतात, शेती आक्रसते, मेंढ्या-शेळ्यांचा वाटा वाढतो. पाऊस कमी झाला आणि शेतकरी अर्धवट भटके मेंढपाळ झाले, असं ढवळीकरांचं मत. मी हे आत्याला सांगितलं.

आत्या: मग? पाऊस गेला की माणूस मेंढरामागंच जातंय. भात्तरच्या दुस्काळात काय झालं? ज्येची मेंढरं हुती त्यो घाट उतरून खाली गेला आन् जगला. ज्येचं शेत हुतं त्यो खडी फोडाया गेला.

दादा: पण त्या इनामगावच्या लोकांना पुन्हा पाऊस मिळाला असता तर त्यांनी पुन्हा नांगर धरलाच असता की. कुणी हौसेनं गोल झोपडीत जात नाही.

आत्या: हौसंनं न्हाय. पर त्यास्नी जाता आलं, ह्ये बग. तुज्या चाळीस मेंढरांस्नी कुटं जाता यील? पाच पिढ्या छपरात ऱ्हायल्या की चालायचं इसरून जातील. यंदा पानी हाय तुज्या हिरीला. परत भात्तर आलं तर?

दादा: तर विकीन.

आत्या: सगळीच इकाय काडत्यात तवा. कोण घेतंय?

दादाकडे याचं उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडेही नाही. दख्खनी मेंढी लांब पायांची, रोज कोसन्‌कोस चालणारी, वाळल्या काडीवर तगणारी झाली ती कुणी प्रयोगशाळेत केली म्हणून नव्हे. जी चालली नाही ती वाटेत गळाली म्हणून. जुळ्यांसाठी निवड करताना तो पाय हरवू नये, एवढी खबरदारी मेंढपाळांनी आणि संशोधकांनी दोघांनीही घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

लांडग्याचा विषय निघाला तो थोडक्यात सांगते. सासवड, सुपे, इंदापूरकडच्या माळांवर लांडगे अजून आहेत, आणि विणीच्या दिवसांत ते वाड्याभोवती घिरट्या घालतात. दादा म्हणाला, छपरात लांडगा येत नाही. आत्या म्हणाली, येऊ दे, त्यालाही पोरं आहेत. वर्षाला दोन-तीन कोकरं त्याची, असं तिच्या सासऱ्यानं शिकवलं होतं. वनखात्याकडून भरपाई मिळते, पण पंचनामा होईपर्यंत वाडा पुढच्या गावाला गेलेला असतो. लांडगा कायद्यानं पहिल्या अनुसूचीत आहे, आणि माझ्या मते त्याला वाचवण्यात आत्याच्या सासऱ्याच्या त्या शिकवणीचा वाटा मोठा आहे.

शेवटी बोलणं दादाच्या वहीवर आलं. दादा हिशेबाचा पक्का. प्रत्येक मेंढीला एक पान: विण्याची तारीख, कोकरांचं जन्माचं वजन, तीन महिन्यांचं वजन, लस कधी टोचली. आंत्रविषाराची पावसाळ्याआधी, पीपीआरची ठरल्या वेळी. मागे खर्चाचे रकाने: चारा, खुराक, औषध, विमा, वीज. आत्यानं ते सगळं वाचून घेतलं.

आत्या: रातीचं कुटं लिवलंय?

दादा: रात्रीचं काय?

आत्या: जागलीचं. तुजी बायकू जागती त्येचं.

दादा: ते घरचंच आहे, आत्या. घरच्या माणसाचे पैसे कसे धरायचे?

आत्या: सालगड्याचं धरतूस का न्हाय?

दादा: सालगडी ठेवला तर धरीन.

आत्या: मग तिला सालगडी समज आन् धर. सालगडी रातचं जागत न्हाय, ती जागती, म्हणून वाईच जास्त धर. आन् त्ये पैसं तिच्या हातात दे. वहीत नुसतं लिवून ठिवू नगंस. मग बग तुजी जुळी परवडत्यात का.

दादानं वही पुढे ओढली. चाळीस मेंढ्या, दीडच्या हिशेबानं साठ कोकरं, त्यातली मेलेली वजा, ईदच्या आधी विकलेली वेगळी, उरलेली वेगळी. आत्याच्या एककोकरी कळपाचाही त्यानं तसाच हिशेब केला, सुनेची जागल धरून, चाऱ्याचा रकाना रिकामा ठेवून. बराच वेळ तो लिहीत होता.

दादा: परवडतात. जागलीचे पैसे देऊनही परवडतात. पण चारा सगळा विकत घ्यावा लागला तर नाही. निम्मा तरी घरचा किंवा रानातला पाहिजे.

आत्या: आन् माजी?

दादा: तुझीही परवडतात. जोवर रान फुकट आहे तोवर.

आत्या: म्हंजी तुजं आन् माजं एकाच ठिकाणी आडतंय.

दादा: हो. चाऱ्यापाशी.

आत्या: मग ह्या पोरीला इचार, गोखलेनगरच्या त्या मेंढरांच्या हापिसात गायरानाचं कोण बगतंय. आन् ज्येष्ठात एक मेंढा घिऊन ये तुजा, एक प्रतीचा का काय म्हणतूस त्यो. सगळ्या मेंढरांवर न्हाय सोडायचा. ज्येंच्या कासंला दोन पिल्लांचं दूध हाय त्या आटरा-ईस मेंढरं म्या निवडून दीन. तुजं रगत बगून न्हाय, माज्या हातानं.